आलेखाबाहेरचा ठिपका

सरांनी तिची प्रयोगवही टेबलावर आपटली. "सगळ्यांचे ठिपके एका रेषेत, तुझाच एक वर उडालाय. काढून टाक, नाहीतर सही मिळणार नाही."

सही नसली तर उद्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"तीनदा मोजलंय, सर."

"म्हणजे तीनदा चुकलीस!"

"काढ ना गं, कशाला नसता शहाणपणा?" जोडीदारीण पुटपुटली. तिने स्वतः काही मोजलंच नव्हतं, शेजारच्या टेबलावरून आकडे उतरवले होते.

वहीत खाडाखोड करायची नाही, एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचं, हा सरांचाच नियम. तिने आपल्या त्या वर उडालेल्या ठिपक्यावर रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सरांनी सांगितलं म्हणून.'

"आता करा सही."

सरांनी ते दोनदा वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ये."