पूर्णगड ऐकतंय

रेणुकाचं माहेर पूर्णगडपासून फार लांब नव्हतं. मुचकुंदीच्या खाडीनं वर गेलं की होडीनं तासाभरावर, डोंगराच्या पोटात. पण त्या मोठ्या वादळात टॉवर आडवे झाले, फोन मुके झाले आणि तेवढ्या अंतरावरचा संपर्कही तुटला. रेणुका पूर्णगडच्या ग्रामपंचायतीत कारकून. ती घरोघर ताडपत्र्या पोचवत होती, तेव्हा तिकडे तिच्या आबांवर, वडील रामजी गुरुजींवर, पडवीचा वासा कोसळला होता. शेजारचे महिपतकाका चिखल तुडवत पोलीस चौकीवर गेले. चौकीतल्या वायरलेसवरून निरोप रत्नागिरीत पोचलाही, पण पुढे सरकला नाही. पूर्णगडात चालू होते ते फक्त मच्छीमारांच्या होड्यांवरचे बिनतारी संच, आणि त्यांचं पोलिसांच्या संचाशी बोलणंच व्हायचं नाही. चौथ्या दिवशी वाटेवरची झाडं तोडायला आलेल्या माणसानं तिला सांगितलं. ती धावत गेली तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

आबांनी आपली वाट पाहिली असेल का? काकांना विचारायचा तिला कधी धीर झाला नाही. न विचारता तरी किती वर्षं राहायचं, हेही तिला कळत नव्हतं.

यंदा आपत्तीच्या वेळच्या संपर्काचा आराखडा करायला सरकारनं पाठबळ दिलं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या योगिनी मॅडमनी तालुक्याला बैठक बोलावली. पोलीस, आरोग्य, मच्छीमार सोसायटी, सगळे आले. जो तो उठून सांगायचा, आमचे संच चालू आहेत.

रेणुका उभी राहिली. "चालतात हो मॅडम. पण एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही." मग तिनं आबांचं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं.

मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "म्हणजे निरोप होता. वाट नव्हती."

एप्रिलअखेर रत्नागिरीच्या नियंत्रण कक्षात सगळ्यांच्या लाइन जोडणारं यंत्र बसलं. गावोगाव सौर बॅटरीवरचे संच आले. पूर्णगडचा संच रेणुकाकडे आला, माहेरच्या वाडीतला महिपतकाकांकडे. रंगीत तालमीच्या दिवशी काकांचा आवाज खरखरत आला, "वाडी बोलतेय. पूर्णगड, ऐकू येतंय काय?"

"पूर्णगड ऐकतंय," ती म्हणाली. आबांबद्दल विचारायचं ओठांवर आलं होतं. पण लाइनवर खासगी बोलायचं नाही, हा नियम. बोट बटणावर तसंच दाबलेलं राहिलं.

"पूर्णगड, बटण सोडा, लाइन अडतेय," तालीम बघायला आलेल्या मॅडम शेजारून म्हणाल्या.

आषाढात तीन दिवस पाऊस थांबला नाही. वाडीच्या रस्त्यावर दरड आली आणि फोन पुन्हा गेले. भर दुपारी संचातून महिपतकाकांचा आवाज आला. "पूर्णगड! बाय, तुझ्या गंगाकाकीला फुरसं चावलं. भाताची लावणी करताना. पायाला."

रेणुका काही बोलायच्या आत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा आवाज त्याच लाइनवर आला. "फुरशाचं विष आहे, पाय आवळून बांधू नका. त्यांना चालवू नका. उचलून आणा."

"आणू कुठनं? रस्ता हाय कुठं?" काका ओरडले.

तेवढ्यात बंदरातल्या आपल्या होडीवरून धाकू तांडेल बोलला. त्यानंही सगळं ऐकलं होतं. "भरती लागलीय. मी होडी घालतो वर. काकीला वाडीच्या धक्क्यावर आणून ठेवा."

खाडी लाल पाण्यानं फुगली होती. वाहून येणारे ओंडके चुकवत धाकू गेला. रेणुकानं रुग्णवाहिका पूर्णगडच्या धक्क्यावर उभी करवली आणि ती स्वतः पावसात उभी राहिली. दोन तासांनी होडी आली. काकीचा पाय सुजला होता, पण तिनं रेणुकाचा हात घट्ट धरला.

पाच दिवसांनी काकी इस्पितळातून सुटली. परतताना दोघं रेणुकाकडे थांबली. काकी आत लवंडली. ओटीवर काकांना चहा देताना रेणुकानं विचारलं, "काका, आबा काही बोलले होते?"

काका कप खाली ठेवून म्हणाले, "बाय, मी खोटं बोललो त्यांच्याशी. सारखं विचारायचे, रेणूला कळलं काय? तिसऱ्या दिवशी बोललो, कळलं गुरुजी, येतेय ती."

"मग?"

"मग बोलले, महिपत, दाढी करून दे. लेक येतेय, असा कसा भेटू तिला?"

रेणुकानं पदर तोंडाशी धरला. काका खाली मान घालून बसले होते. "तुला सांगू कसं, कळेना गो. ते वाट बघत गेले, नि फसवलं मी."

तिनं खाडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "केलीत दाढी?"

"केली."

"आणि सदरा?"

"पांढरा. शाळेत घालायचे तो. स्वतः मागून घेतला."

ती काकांच्या शेजारी येऊन बसली. "सांगा ना," ती म्हणाली, "सगळं सांगा."