मागाखालचा आरसा

महिला सक्षमीकरणाच्या अर्जावर धाकट्या दिराने स्वतःचंच नाव लिहिलं, याचं थोरलीला फारसं नवल वाटलं नाही. घरात त्याला सगळे 'अध्यक्ष' म्हणत. काम दुसऱ्याचं असलं की त्याला तिथे आपली खुर्ची दिसायचीच.

वीस वर्षं माग थोरलीने चालवला. वेलीचा काठ सासूबाईंनी हात धरून शिकवलेला, आणि त्यांच्या मागे तो येत होता फक्त तिलाच. आता प्रशिक्षण केंद्रात मुख्य विणकराची एक जागा निघाली होती, हाताखाली बारा मुली. अर्ज होता तो याच जागेसाठी. जागा मिळाली तर वेल पुढे जाणार, नाहीतर तिच्याबरोबरच संपणार.

"वहिनी, चारचौघांत बोलायला जमतं का तुम्हाला? मी बोलतो, तुम्ही विणा. वारसा काय, घरातच राहतो!"

तपासणीला केंद्राच्या बाई येणार म्हणून अध्यक्षांनी खोली आवरली, म्हणजे तिच्याकडून आवरून घेतली. मागाखालचा आरसा तेवढा स्वहस्ते माळ्यावर टाकला आणि इस्त्रीचा सदरा घालून मागावर बसले.

बाईंनी कापडाकडे चष्मा रोखला. वर नुसत्या गाठी आणि लोंबणारी टोकं.

"हा तुमचा काठ?"

"शंभर वर्षांची परंपरा, मॅडम. गुंतागुंत मुद्दाम ठेवलीय."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मंजुरी कठीण दिसते."

थोरली पुढे झाली. "भाऊजी, आरसा कुठे ठेवलात?"

"आत्ता काय वेणी घालायचीय?"

ती पेटीवर चढली, आरसा काढला, पदराने पुसला आणि मागाखाली सरकवला. "बाई, हा काठ उलटा विणतात. वर पाठ, खाली तोंड. जरा वाका."

बाई वाकल्या. आरशात वेल पानापानांनी डवरलेली. त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"कोणी विणली?"

"आमच्या घराण्यात..." अध्यक्षांनी घसा खाकरला.

"मी," थोरली म्हणाली. चारचौघांत बोलायला तिला एवढं जमलं. मग आणखी थोडं जमलं. "उठा भाऊजी. ती माझी जागा आहे."

बाईंनी टोपण काढलं, अर्जावरचं नाव खोडलं आणि तिला तिचं विचारलं.

केंद्राच्या पहिल्या दिवसाच्या फोटोत अध्यक्ष आहेतच. त्यांच्याशिवाय फोटो निघतो कुठे? मागाखाली उकिडवे बसलेत, दोन्ही हातांनी आरसा धरून. भोवती बारा मुली वाकलेल्या.

"जरा डावीकडे, भाऊजी. आणि हलू नका, वेल हलते."