पाठात पडलेला खंड

विश्वेश्वरशास्त्री रामघाटाच्या पायरीवरून घसरले, टाच फाटली, आणि बघता बघता पाऊल तांबडेलाल होऊन सुजले. डॉक्टर अनिमेष त्यांच्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घराण्यातला. त्याने जखम धुऊन सेफालेक्सिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि लिहिता लिहिता विचारले, "शास्त्रीजी, कोणती दवा कधी बाधली होती का?"

"नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

खोटे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु वैद्यासमोर त्यांनी नुसता हात पुढे करावा आणि बोलायचे ते त्यांच्या पत्नीने, शरदिनीबाईंनी, अशी त्या घराची रीत होती. शरदिनीबाईंना जाऊन आता वर्ष होऊन गेले होते.

दुपारी त्यांनी स्वतःपुरता भात रांधला, चित्राहुती घातल्या, मौनाने जेवले. समोरचा शरदिनीबाईंचा पाट अजून त्यांनी उचललेला नव्हता. हात धुऊन कॅप्सूल तळहातावर घेतली, तोच पुण्याहून लेकीचा, नीरजाचा, फोन आला.

"बाबा, जेवलात? की पुन्हा दूध-पोह्यांवर भागवलंत?"

"जेवलो. औषध घेतो आहे."

"डॉक्टरांना त्या इंजेक्शनचं सांगितलंत ना?"

"कोणत्या?"

"आई प्रत्येक डॉक्टरला सांगायची ते. ह्यांना पेनिसिलिन चालत नाही म्हणून. तुम्ही संकोचून खिडकीबाहेर बघत बसायचात."

"काय झालं होतं तेव्हा?"

"मी आजोळी होते, बाबा. आईलाच ठाऊक. ती गोळी आधी खाली ठेवा."

त्यांनी ठेवली. आपल्या देहावर काय गुदरले हे जाणणारे एकच माणूस होते, आणि त्याला विचारण्याची सोय उरली नव्हती. भिंतीचा आधार घेत, लंगडत ते पुन्हा दवाखान्यात गेले.

"अंगावर गांधी उठल्या होत्या? सांस अडकली होती?" पेनिसिलिनचे ऐकून अनिमेषने विचारले.

"आठवत नाही."

"जरा आठवा. ह्या दोन औषधांचं गोत्र वेगळं असलं तरी सोयरीक आहे. नुसतं पुरळ आलं असतं, तर ही बहुतेकांना चालते. घसा सुजला असेल, तर मी देणार नाही."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. आजारांची आठवण त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. ठेवली होती ती पाठाची.

"एकदा पवमानाचा पाठ अर्ध्यावर सुटला होता," ते सावकाश म्हणाले. "टोचून घेऊन आलो, आसनावर बसलो, आणि कंठातून स्वर उमटेना. ओठ जड झाले. ती पंख्याने वारा घालीत होती. माझ्या पाठात खंड पडला तो तेवढाच."

अनिमेषने जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहिली. "हेच हवं होतं. आता हे निराळ्या जातीचं औषध. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. आणि पुढे कुठेही गेलात तरी ही गोष्ट आधी आपणच सांगायची."

"ती सांगत असे," शास्त्रीबुवा म्हणाले, मग म्हणाले, "सांगेन."

सायंकाळी संध्या आटोपून ते पाटावर बसले आणि त्यांनी स्वतःलाच त्या वाक्याची संथा दिली: मला पेनिसिलिन चालत नाही. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने मागून दोनदा म्हणावे, असा पाठशाळेचा परिपाठ. त्यांनी तो पुरता पाळला. समोरच्या रिकाम्या पाटापर्यंत तिन्ही वेळा एकच स्वर पोहोचला.