कॉलरमधली लाल अक्षरं

मित्रांनो, मी कोट आहे आणि जुना आहे, हे माझी झिजलेली कोपरं बघूनच तुमच्या लक्षात आलं असेल. मी घाबरट आहे हे मात्र बघून कळत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. एखादं बटण सैल झालं तरी माझ्या पोटात गोळा येतो. लोकर खाणारी कसर दिसली की माझी दातखीळच बसते. पण आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो तो एका आडनावामुळे.

माझं कापड इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या गिरणीत तयार झालं. गडद हिरवा रंग, जाड लोकर, आतून गुळगुळीत अस्तर. मला पहिल्यांदा विकत घेतलं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या जेसी वॉकर या बाईंनी. वीस हिवाळे मी त्यांच्या अंगावर काढले. पुढे त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी लागते. माझ्याही कॉलरच्या आत एक पांढरी पट्टी आली. तिच्यावर लाल अक्षरांत विणलं होतं, ‘जे. वॉकर’. नंतर बाई वारल्या आणि मी लेस्टर शहरात, दान आलेले जुने कपडे विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये टांगला गेलो. सात आठवडे कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आता आपल्या चिंध्याच होणार, असं मी धरूनच चाललो होतो.

साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुलक्षणा वाईकर दुकानात आल्या. त्यांचे यजमान शशिधर हे शहरातल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. शशिधरांची आई, म्हणजे सुप्रभाआजी, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि थंडीने काकडत होती.

“कुणाचा गं हा कोट?” आजीने मला उलटसुलट करून विचारलं. “मेलेल्या माणसाचा तर नाही ना?”

“अहो आई, ड्रायक्लीन करून आणलाय,” सुलक्षणा म्हणाल्या. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण आजीने मला अंगात घातलं आणि तिचं कुडकुडणं थांबलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

पट्टी उसवायला सुलक्षणांनी कात्री घेतली होती. पण टाके इतके बारीक होते की अस्तर फाटलं असतं. “राहू दे गं,” आजी म्हणाली, “आत कोण वाकून बघतंय?”

त्याच सुमारास दहा वर्षांच्या शिल्पाला, म्हणजे आजीच्या नातीला, शाळेत काम मिळालं होतं. एका आडनावाची माहिती काढून आणायची. स्वतःचं आडनाव तिने एका ओळीत संपवलं, वाईचे ते वाईकर. शाळेतल्या बाईंनी अजून एक आण म्हटल्यावर तिने माझ्या पट्टीवरचं घेतलं आणि लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं.

“आजी, वॉकर म्हणजे कापड तुडवणारा माणूस,” ती आपल्या मोडक्यातोडक्या, तिकडे वाढलेल्या मराठीत सांगायला लागली. “लोकरीची कापड विणलं की सैल असते. मग मोठी टबमध्ये टाकून लोक त्याच्यावर पायाने चालायचे. आणि टबमध्ये काय असायचं माहीत आहे? जुनी शू!”

“शी! काहीतरीच!”

“खरंच! त्याने कापड क्लीन व्हायचं. नॉर्थला त्या लोकांना वॉकर म्हणायचे, साउथला फुलर आणि खाली वेस्टला टकर. काम सेम, नाव तीन.”

“म्हणजे आपल्याकडचे सुतार, तेली, शिंपी, तसंच की,” आजी म्हणाली. “साहेबाची आडनावंसुद्धा घाम गाळूनच आलीत म्हणायची.”

“आणि ते खूप कॉमन आहे. पूर्ण इंग्लंडमध्ये पहिल्या वीसमध्ये! फोनच्या डिरेक्टरीत तर पानंच्या पानं वॉकर.”

मित्रांनो, खरं सांगतो, माझी छाती फुगली. मीही लोकरीचाच ना! गिरणीत मला माणसांनी नाही, यंत्राने तुडवलं, पण घराणं तेच. इतक्या लोकांचं आडनाव आपल्या कॉलरमध्ये आहे, याचा मला किती तोरा आला होता म्हणून सांगू!

जानेवारीत बर्फ पडला. एका गुरुवारी आजी मेथी आणायला एकटीच देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडला निघाली. “मला माहितीये गं बस,” असं सुनेला सांगून. येताना ती चुकीच्या बसमध्ये चढली. भलत्याच थांब्यावर उतरली, गडबडीत पिशवी आणि पर्स बसमध्येच राहिली, आणि दोन पावलांवर तिचा पाय घसरला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. मी जाड होतो, पण डोक्यापर्यंत थोडाच पोहोचतो! अँब्युलन्स आली. आजीचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ नुसते हलत होते.

हॉस्पिटलात नर्सने मला काढताना कॉलर उलटली. “जे. वॉकर,” तिने वाचलं.

“वॉकर? लुगडं नेसलेली?” नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या. “असेल, आपल्यातल्या कुणाशी लग्न केलं असेल. पण जे. वॉकर नावाच्या सात फायली आहेत माझ्याकडे.”

त्यांनी वयाने जवळची वाटली ती फाइल काढली. डॉक्टरांनी ती चाळली. मनगट मोडलंय, जखम खोल आहे, चार वाजता हाड बसवू, त्याआधी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्या. फाइलमध्ये लिहिलं होतं, कोणत्याही औषधाची अॅलर्जी नाही.

मी खुर्चीवर घडी होऊन पडलो होतो. अहो, साताऱ्याला पेनिसिलिनने आजीचा गळा सुजला होता, मरता मरता वाचली होती! ही हकीकत ती दारावर येणाऱ्या गोऱ्या दूधवाल्यालासुद्धा मराठीतून सांगायची. आणि आता सांगायची वेळ आली तर शुद्ध नाही. भिंतीवरचं घड्याळ बघत मी मनातल्या मनात ओरडत होतो, ही वॉकर नाही हो! ज्या आडनावाचा मला तोरा होता, तेच तिच्या जिवावर उठलं होतं.

तिकडे घरी काय झालं ते मला नंतर ऐकून कळलं. शशिधर ड्यूटी सोडून धावत आले आणि एकेका हॉस्पिटलला फोन लावत बसले. “मिसेस वाईकर आहेत का? डब्ल्यू, ए, आय...” सगळीकडून एकच उत्तर, या नावाचं कुणी नाही. सुलक्षणांनी रडून डोळे सुजवले. “मीच जाऊ दिलं हो एकटीला,” असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

साडेतीनला शिल्पा शाळेतून आली. सगळं ऐकून म्हणाली, “बाबा, पण आजीचा कोटमध्ये दुसऱ्याची नाव आहे. तुम्ही वॉकर विचारा ना!”

चारला दहा मिनिटं होती. नर्स ट्रेमध्ये सिरिंज घेऊन आली. तिने आजीची बाही वर केली. वॉर्डच्या टेबलावरचा फोन वाजत होता, वाजतच होता, कुणी उचलेना. नर्सने कापसाने दंड पुसला. आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने एकदाचा फोन उचलला. पुढच्याच क्षणी ती ओरडली, “थांब! देऊ नकोस!” फोनवर शशिधर होते, त्यांनी आधी पेनिसिलिनचंच सांगितलं होतं. सिरिंज ट्रेमध्ये परत गेली. मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझं अस्तर ओलं झालं होतं अशी माझी शपथेवर खात्री आहे.

चौथ्या दिवशी आजी हाताला प्लॅस्टर घालून घरी आली. सुलक्षणांनी मला टेबलावर पालथं घातलं आणि कात्री उघडली. “अस्तर फाटलं तर फाटू दे. आधी ही पट्टी काढते.”

“थांब, सुलू,” आजी म्हणाली. तिने त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. “मी पाच तास सापडले नाही, तर तुम्ही जिवाचं रान केलंत. माझा शशी इतके फोन करत होता. या बाईला शोधायला कुणी फोन केला असेल का गं?”

उत्तर फक्त मला ठाऊक होतं. वृद्धाश्रमात जेसीबाई दर रविवारी मला घालून, सगळी बटणं लावून, दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. दिवे लागले की उठायच्या. त्यांच्यासाठी एकदाही फोन वाजला नाही. ही पट्टीसुद्धा त्यांनी स्वतःच शिवली होती, कारण इतरांसारखी घरून शिवून आणायला त्यांना कुणी नव्हतं.

सुलक्षणांनी कात्री मिटली. खाली दुसरी पट्टी शिवली, आजीचं नाव आणि घरचा फोन नंबर.

मित्रांनो, जुन्या कोटांना हवा द्या, ऊन दाखवा, असं काहीतरी सांगून मी संपवणार होतो. पण कोटांचं सोडा. तुमच्या गल्लीत एखादं म्हातारं माणूस कोट घालून दाराशी बसत असेल. आज जा आणि त्यांना त्यांचं नाव विचारा. आजच जा, रविवारची वाट बघू नका.