न कापलेला पट्टा

लहानपणी भावाच्या गोफणीतला दगड शेजारच्यांच्या काचेवर गेला आणि मार मी खाल्ला. गोफण मी विणून दिली होती ना! तेव्हापासून आमच्या घरात करणारा तो आणि भरणारी मी.

पुढे दोघंही एकाच गोदामात लागलो. तो क्रेनला माल बांधायचा, मी माल उचलायचे पट्टे तपासायची. पट्ट्याच्या पोटात लाल धागा असतो. झिजून तो दिसू लागला की पट्टा बाद. बाद पट्टा तिथल्या तिथे कापून दोन तुकडे करायचे, म्हणजे चुकूनही कुणी परत वापरणार नाही. अकरा वर्षांत एकदाच मी कात्री चालवली नाही.

"ताई, अख्खाच दे ना," भाऊ म्हणाला होता. "बाळाला झोळी बांधतो. तीन टन उचलणारा पट्टा, तुझ्या भाच्याचं वजन ते काय!"

भाच्याचं नाव काढल्यावर माझं काय चालणार? दिला.

वहिनी हौशी. बाळाला टोचू नये म्हणून तिनं झिजलेल्या जागेवर मऊ कापड शिवलं. लाल धागा झाकला गेला.

मागच्या महिन्यात मी रजेवर होते आणि नेमके पट्टे कमी पडले. मुकादम ओरडायला लागला, तसे आमचे बंधुराज घरी पळाले आणि झोळी सोडून घेऊन आले. पेटी कमरेइतकी वर गेली, पट्टा तुटला, आणि पेटी त्याच्या हातावर आली.

चौकशीत साहेबांनी तुटलेला पट्टा टेबलावर ठेवला. बाद पट्टा घरून आणला म्हटलं असतं, तर त्याची नोकरी जात होती.

"ताईनं तपासून दिला होता," तो म्हणाला.

"आणि हे कापड कुणी शिवलं?"

"तिनंच."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संतापानं माझे कान तापले. पण त्याच्या घरात तान्हं मूल, म्हणून मी मान हलवली. नोकरी माझी गेली.

काल वहिनीनं बोलावलं. दवाखान्यातून दिलेली हाताची झोळी मळली होती, हात गळ्यात बांधायला तिनं जुनी चादर फाडली होती. "गाठ मारावी तर तुम्हीच," म्हणाली. मी त्याचा हात छातीशी धरला आणि मानेमागे गाठ आवळली.

"पक्की आहे ना, ताई?"

"तपासून दिलीय," मी म्हणाले. "कुणी विचारलं तर सांग."