डाव्या हाताची दाढी

वस्तऱ्याचं पातं सासऱ्यांच्या गळ्याला टेकलं आणि दुकान चिडीचूप झालं.

"मामा, आता आवंढा गिळू नका."

"देवाचं नाव तरी घेऊ का?" सासरे फेसाआडून पुटपुटले.

"मनातल्या मनात."

मालट्रकने स्कूटरला उडवल्यापासून न्हाव्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. डावा हात तयार करायला तो घरी फुगवलेल्या फुग्यांवर साबण लावून वस्तरा चालवायचा. घरभर फुग्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. आज सासऱ्यांनी आपण होऊन खुर्ची गाठली होती. "माझं वय झालंय," ते म्हणाले होते, "फुटलो तरी मोठा आवाज व्हायचा नाही."

पातं हनुवटीच्या खळीतून वर आलं. जबड्याच्या कडेला जरासं अडलं, रक्ताचा एक ठिपका उमटला. दाराशी उभ्या असलेल्या बायकोने डोळे गच्च मिटले. पण मग शेवटचा फेस निघाला, न्हाव्याने तुरटी फिरवली, आणि सासऱ्यांनी आरशात दोन्ही गाल वळवून वळवून पाहिले.

"जावईबापू, गुळगुळीत!"

न्हाव्याला हसू आवरेना, घामही आवरेना. बायको पुढे आली आणि त्याचा डावा हात, फेसासकट, दोन्ही हातांत धरून नुसतीच उभी राहिली.

त्याच दुपारी अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात त्याची साक्ष होती. तिघं हसऱ्या चेहऱ्यांनी कोर्टात शिरली, ते पाहूनच त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. झालेलं ऐकल्यावर तर त्याने न्हाव्याला खांबाआड ओढलं.

"हिशेब साधा आहे. वर्षाची कमाई, तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. भांडण उरतं टक्क्यांचं. डॉक्टरांनी चाळीस टक्के अपंगत्व लिहिलंय, ट्रकची विमा कंपनी तेवढंच धरून बसलीय. आपण म्हणतोय, न्हाव्याचा हात गेला म्हणजे धंदा शंभर टक्के गेला. कोणी विचारलं नाही, तर आपण होऊन सकाळचं बोलायचं नाही. आणि तोंडं पाडा जरा. लग्नाला आल्यासारखे काय दिसताय!"

न्हाव्याने मान डोलावली. बायको अपघातापासून कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावत होती, दुकानाचं भाडं थकलं होतं. साठ टक्क्यांचा फरक म्हणजे काय, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याने तोंड पाडलं. पाणी पिऊन येते म्हणून बायको गेली, ती पुकारा होईपर्यंत आलीच नाही.

कंपनीच्या वकिलाने वय विचारलं, कमाई विचारली. मग चष्मा पुसत, सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आज सकाळी तुम्ही एकाची दाढी केलीत, खरं ना?"

न्हाव्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागदांत तोंड खुपसून बसला होता. बायको पायांकडे बघत होती.

"केली," न्हावी म्हणाला. आणि एकदा म्हटल्यावर त्याची मान आपोआप ताठ झाली. "डाव्या हाताने केली."

"कोणाची?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मागच्या बाकावरून सासरे तुरटीच्या पांढऱ्या डागासकट उठून उभे राहिले. हसण्याची लाट आली, बाईंनी ती नजरेने थोपवली.

"वेळ किती लागला?"

"पाऊण तास, मॅडम."

"आधी किती लागायचा?"

"दहा मिनिटं. गप्पा धरून."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल महिन्याभराने लागला. कमाईचं नुकसान सत्तर टक्के धरलं होतं. "चाळिसाच्या वर गेलो, हेच खूप," वकील म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण तीस टक्के एका दाढीत गेले हो!"

हा सगळा महिना बायको घरात मोजकंच बोलली होती. आपल्याला खोटं बोलता आलं नाही म्हणून ती रागावली असणार, असं न्हाव्याने धरलं होतं, आणि तो राग मुकाट्याने अंगावर घेतला होता. आज कोर्टाच्या पायऱ्या उतरून ती फाटकापाशी थांबली.

"कंपनीच्या वकिलाला कसं कळलं, विचारलं नाहीत तुम्ही."

"कोणीतरी ऐकलं असेल."

"मी सांगितलं."

न्हावी गर्रकन तिच्याकडे वळला.

"त्याला नाही हो! पाण्यापाशी एक बाई होती, तिचाही कोणी अपघातात... तिला सांगितलं. मग शिपायाला. मग जिन्यात कोण भेटलं त्यांना. त्यातच तो असेल मेला. तोंड पाडायचं म्हणून ठरवून गेले होते, पण..." तिचा आवाज चिरकला. "राहवलंच नाही मला."

रस्त्यावरून एक मालट्रक धडधडत गेला. न्हाव्याने तिला धुळीतून बाजूला घेतलं.

"काय सांगितलंस?"

"हेच, की बाबांची दाढी केली म्हणून."

"तसं नाही. कसं सांगितलंस?"

तिने डोळे पुसले, चोरून त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात हलवत, वडिलांच्या हनुवटीपासून तिने सुरुवात केली.