दिसलां किती, म्हटलां किती

राही

आमच्या मंडळीचा नियम जुना, पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांपासूनचा. रविवारी पडवीत चटयांवर बसायचं. ज्याला देवाकडून शब्द मिळेल त्याने उभं राहून सांगायचं. असे दोघं, फार तर तिघं, बाकीच्यांनी पारखायचं. दुसरा उभा राहिला की पहिल्याने बसायचं, वाक्य अर्धं असलं तरी.

चौपन्न सालातला तो रविवार. मला बोटीने मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवायचं की नाही, हे मंडळी ठरवणार होती. मथुराआते उभी राहिली. आईच्या माघारी मला तिनेच वाढवलं. डोळे मिटून ती म्हणाली, राहीच्या पायाखाली पाणी दिसतंय, राहीने बोटीत पाऊल ठेवू नये असं प्रभू म्हणतो.

आतेचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता. घरी माझी ट्रंक भरलेली होती. मी मनातल्या मनात ती उपसायला लागले, आधी वरचं पातळ, मग

मथुरा

थांब गो, पुढचं माझं आहे.

धाकू उठला. हा बंदरावर पडाव चालवतो, वल्ह्याने माणसं मोठ्या बोटीपर्यंत पोचवतो. तो उठला म्हणून मी बसले. त्याने काही सांगितलं नाही, विचारलं.

"मथुराबाय, दिसलां किती नि म्हटलां किती?"

ख्रिस्ती होण्याआधी, पाली गावात, माझ्या अंगात यायचं. लोक पायांवर पाणी घालायचे आणि मी सांगेन ते करायचे. असं कधी कुणी विचारलं नाही. एवढा मोठा शब्द, आणि त्याच्याखाली मी एकटी.

मी आत चाचपून पाहिलं. मग उठले.

"पाणी दिसलां. जाव नको, तां माझां."

मागून कुणीतरी म्हणालं, आतेच्या पोटातल्या मायेचं आहे, त्यालाही आमेन म्हणू या. सगळे हसले, मीसुद्धा. राहीचं जाणं ठरलं. पाण्याचा अर्थ काय, त्यांनी विचारलं. ठाऊक नाही, म्हटलं. चारचौघांत ठाऊक नाही म्हणता येतं, आणि मग अंगावरून केवढा भार

धाकू

पाण्याचं मी सांगतो.

राही निघाली त्या वेळी ओहोटी होती. पडाव धक्क्याच्या पायऱ्यांना लागेना. नव्या पातळात राही काठावर अडून राहिली. तेव्हा मथुराबायने कासोटा वर खोचला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि राहीचा हात धरून स्वतःच पुढे झाली, गुडघाभर पाण्यात. पोरीला पडावात चढवलं, ट्रंक माझ्याकडे दिली.

"बाय, दिसलां तां पाणी ह्यांच काय?" मी विचारलं.

"पारखा तुम्ही," ती म्हणाली. मागे फिरली नाही, तिथेच उभी राहिली.

मी वल्हं मारलं. प्रभूचे उपकार, राही पुटपुटली. नवऱ्याकडे मुंबईला निघालेली मोहल्ल्यातली हाजरा तिच्या शेजारी बसली होती. कशाचे उपकार, तिला काय ठाऊक? पण तीही म्हणाली, आमीन.